मीटर कुणाच्या भिंतीवर?

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर आईला आम्ही बटणांचा साधा मोबाइल घेऊन दिला. प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग बोलायचे. महिन्याला पन्नास-साठ रुपये तिला सहज पुरत. २०१० च्या सुमारास मात्र तिची तक्रार सुरू झाली. "अरे, मी इतकी बोलतच नाही. मग पैसे जातात कुठे?" मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केले. तेव्हा तिने एक शंभर पानी वही घेतली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले : तारीख, कोणाला फोन, किती वेळ, आधीची शिल्लक, नंतरची शिल्लक. तीन महिने वही भरली आणि एका रविवारी माझ्यापुढे ठेवली. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, एकही फोन न करता, तीस रुपये कमी होत होते.

उलगडा झाला तो असा : तिला फोन करणाऱ्याला घंटीऐवजी एक गाणे ऐकू येत असे, आणि त्या गाण्याचे ते मासिक भाडे होते. हे गाणे आपण कधी मागितले ते तिला आठवत नव्हते. कधीतरी आलेल्या एखाद्या संदेशावर नको ते बटण दाबले गेले असणार. सेवा बंद झाली, गेलेले पैसे काही परत आले नाहीत.

माझ्या डोक्यात राहिली ती वही. आईच्या घरी विजेचा मीटर पडवीत आहे, तो ती वाचते. दुधाच्या खुणा दिनदर्शिकेवर असतात. वाण्याच्या तराजूवर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का असतो. टेलिफोनचा मीटर मात्र तिला स्वतः तयार करावा लागला. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला मोबाइलच्या बरेच मागे जावे लागते.

दीड डॉलरात कितीही बोला

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ७ मार्च १८७६ रोजी. अमेरिकेतील न्यू हेवन या गावी २८ जानेवारी १८७८ रोजी पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू झाले. त्याचे ग्राहक होते २१ आणि वर्गणी होती महिन्याला दीड डॉलर. त्या दीड डॉलरात कितीही बोला. मोजण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मीटरचाही नव्हता. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत केंद्रे उघडली, तेव्हाही टेलिफोन ही मोजक्या पेढ्यांची आणि साहेबांची चैन होती.

पण ही सोय टिकणारी नव्हती. ग्राहक दुप्पट झाले की प्रत्येकाला बोलायला माणसेही दुप्पट होतात, त्यामुळे एकेका ग्राहकाचे कॉलही वाढतात. केंद्रातील मुलींना जोडण्या कराव्या लागत त्या दुपटीहून पुष्कळ जास्त. त्यामुळे जेवढे बोलाल तेवढे भरा, ही पद्धत मोठ्या शहरांतून हळूहळू येत गेली. दूरच्या गावी बोलायचे तर ती अपरिहार्यच होती, कारण शेकडो मैलांची तार बोलणाऱ्या दोघांसाठी अडवून ठेवावी लागे.

वाचकांपैकी ज्येष्ठांना ट्रंक कॉल आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. कॉल नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचे. जोडणी झाली की केंद्रातील ऑपरेटर एका चिठ्ठीवर दोन्ही क्रमांक आणि वेळ लिहून ठेवी. तीन मिनिटे झाली की मध्येच त्याचा आवाज येई, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?" तो आवाज म्हणजे एक प्रकारचा मीटरच होता आणि तो दोघांनाही ऐकू येत होता. पैसे देणाऱ्याला पुढच्या तीन मिनिटांचा निर्णय घ्यावा लागे. चिठ्ठीमुळे प्रत्येक कॉलची वेगळी नोंदही राहत असे. गैरसोय पुष्कळ होती, पण लपलेले काही नव्हते.

आवाज गेला, चाके आली

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर यांचा व्यवसाय अंत्यविधीच्या व्यवस्थेचा होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, असे सांगतात. खरेखोटे काहीही असो, ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्वयंचलित केंद्राचे पेटंट त्यांनी १८९१ साली मिळवले आणि १८९२ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे केंद्र सुरू झाले. ऑपरेटर गेली, तिची चिठ्ठीही गेली. मग मोजायचे कसे?

त्यावरचे उत्तर यांत्रिक होते. केंद्रात प्रत्येक ग्राहकाच्या नावे काड्यापेटीएवढे एक यंत्र बसवलेले असे : एक विद्युतचुंबक, एक खटका आणि आकडे कोरलेली तीन-चार छोटी चाके. स्थानिक कॉल लागला की एक स्पंद येई, चुंबक खटका ओढी आणि चाक एक घर पुढे सरके. सायकलच्या किंवा स्कूटरच्या अंतरमापकासारखीच रचना. हजारो ग्राहकांची अशी हजारो यंत्रे भिंतभर मांडलेली असत. ब्रिटनमध्ये त्यांची छायाचित्रे काढून त्यावरून बिले बनवीत.

हा मीटर विजेच्या मीटरसारखाच प्रामाणिक होता. फरक एवढाच की तो ग्राहकाच्या भिंतीवर नव्हता, कंपनीच्या भिंतीवर होता. यामागे कुणाचा डाव असण्याचे कारण नाही, तांत्रिक सोय म्हणून ते झाले. कॉल लागला की नाही हे केंद्रालाच कळते, तेव्हा मोजणेही तिथेच सोपे. पण मोजणारा आणि पैसे घेणारा एकच झाला आणि पैसे देणारा त्या खोलीच्या बाहेर राहिला.

मग ग्राहकाने स्वतः दूरचा क्रमांक फिरवायची सोय आली, तिचे नाव एसटीडी. ब्रिटनमध्ये ५ डिसेंबर १९५८ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबरोला फोन करून तिचे उद्घाटन केले. ते संभाषण २ मिनिटे ५ सेकंद चालले. भारतात १९६० साली लखनौ व कानपूर ही शहरे प्रथम जोडली गेली. आता वेळ आणि अंतर दोन्ही मोजायचे होते, आणि हाताशी यंत्र होते ते तेच, एकेक घर पुढे सरकणारे. युक्ती अशी केली की बोलणे चालू असताना ठरावीक अंतराने स्पंद पाठवायचे. गाव जितके दूर तितके स्पंद घाईघाईने. जवळच्या गावासाठी दर तीस सेकंदांनी एक स्पंद असेल तर दूरच्या गावासाठी दोन-तीन सेकंदांनाच एक.

यातील एका पद्धतीमागचे गणित वर्गात सांगण्यासारखे आहे. फिनलंडमधील कार्ल्सन या अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात प्रत्येक कॉलसाठी वेगळे घड्याळ नसते. केंद्रातील एकच घड्याळ सर्वांसाठी सतत स्पंद पाठवत असते, आणि तुमचे बोलणे चालू असताना जेवढे स्पंद येतील तेवढे तुमच्या खात्यावर पडतात. दर पंधरा मिनिटांनी लोकल येणाऱ्या फलाटावर तुम्ही वेळापत्रक न पाहता गेलात आणि पाच मिनिटे थांबलात, तर गाडी दिसण्याची शक्यता एक-तृतीयांश असते. तसेच इथे. साठ सेकंदांनी स्पंद येत असेल आणि तुम्ही वीस सेकंद बोललात, तर कधी एक आकडा पडेल, बहुधा पडणार नाही. एका कॉलवर अन्याय होऊ शकतो, पण शेकडो कॉलची सरासरी काढली तर आकारणी प्रत्यक्ष बोललेल्या वेळेइतकीच येते. पुष्कळ ठिकाणी कॉल लागताक्षणी एक जादा स्पंद टाकत, त्यामुळे हे शुद्ध गणित व्यवहारात थोडे बिघडे. तरीही कल्पना सुंदर होती यात शंका नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने मात्र आता अंधार झाला. स्थानिक कॉल आणि दिल्लीचा कॉल एकाच चाकावर जमा होत होते. बिलावर मागचे वाचन, चालू वाचन आणि वजाबाकी एवढेच येई. दोन महिन्यांत २,८०० कॉल झाले म्हणजे कोणाशी, केव्हा, किती बोललो, हे जुन्या यांत्रिक केंद्राला सांगताच येत नव्हते. माहिती लपवलेली नव्हती, ती कुठे साठवलेलीच नव्हती. अवाच्या सवा बिल आल्याच्या तक्रारींनी त्या काळी वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहाराचे स्तंभ भरलेले असत. तक्रार करणाऱ्याकडे पुरावा नसे आणि खात्याकडे असे ते फक्त चाकावरचे वाचन.

मग लोकांनी आपापली मर्यादा घातली. टेलिफोनच्या तबकडीला, एका आकड्याच्या भोकात बसणारे छोटे पितळी कुलूप बाजारात मिळत असे. कुलूप लावले की तबकडी पूर्ण फिरत नसे. पण भौतिकशास्त्राची थोडी जाण असलेल्या मुलांना ते अडवू शकत नव्हते. तबकडी करते काय, तर परत फिरताना तारेतील प्रवाह ठरावीक वेगाने तोडते, सेकंदाला साधारण दहा वेळा. पाचसाठी पाच वेळा, शून्यासाठी दहा वेळा. रिसीव्हर ठेवायची कळ बोटाने तेवढ्याच वेगाने टिचकावली तरी केंद्राला फरक कळत नाही. आमच्या वाड्यातील एका दादाने या रीतीने कुलूपबंद फोनवरून एसटीडी लावून दाखवला होता. कोणाच्या बिलावर, ते सांगत नाही!

लाल आकड्यांची खिडकी

या साऱ्या इतिहासात एकच काळ असा आला की फोनचा मीटर पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. तो काळ आपल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने हे बूथ गावोगावी पसरू लागले. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, बस स्थानकाबाहेर, महाविद्यालयाच्या फाटकाशी लाकडी खोके, काचेचे दार आणि फोनच्या वर लाल आकडे दाखवणारी पेटी.

त्या पेटीला किंमत कशी कळे? पलीकडच्याने रिसीव्हर उचलला की केंद्र तारेवरील धन व ऋण टोके उलट करी. हा इशारा मिळाला की बोलणे सुरू झाले असे पेटी समजे. आकारणीचे स्पंद केंद्राकडून १६ किलोहर्ट्झ वारंवारतेवर येत. टेलिफोनवरील बोलण्याला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागत असल्याने हे स्पंद गाळणीने वेगळे काढता येत आणि बोलण्यात अडथळा येत नसे. काही पेट्यांत मात्र दरांचे कोष्टक पेटीतच भरलेले असे आणि इशारा मिळाल्यावर पेटी स्वतःच्या घड्याळाने हिशेब करी. यात गडबडीला वाव होताच. तरी पैसे देणारा त्या आकड्यांकडे पाहतच बोलत होता, हे महत्त्वाचे.

महाविद्यालयात असताना आम्ही वसतिगृहातले पाच-सहा जण रात्री अकरानंतर बूथवर रांग लावत असू, कारण तेव्हा दर पाव होत. खिशात वीस रुपये असतील तर आकडा अठरावर आला की आवाज बदलायचा. "आई, ठेवतो आता, एकोणीस झाले!" असे वाक्य त्या काळच्या निम्म्या संभाषणांचा शेवट असेल. खर्चाची मर्यादा ही कल्पना कुणी आम्हाला शिकवली नव्हती. आकडा दिसत होता, एवढेच.

एक मिनिट म्हणजे किती?

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि देशात मोबाइल सेवा सुरू झाली. त्या वेळची आकारणी मिनिटाला ८ रुपये ४० पैशांपासून गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैशांपर्यंत होती आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. येणारे कॉल मोफत झाले ते १ मे २००३ पासून. दरम्यान, आकारणी मिनिटाच्या एककात, पूर्ण मिनिटावर नेऊन करण्याची रीत रूढ झाली होती.

याला छुपे शुल्क म्हणावे का? नियम छापील होता, पण त्याचा परिणाम कुणाच्या लक्षात येत नव्हता. पाच कॉल घेऊ : १२, ६५, १३०, २० आणि ६१ सेकंदांचे. बेरीज २८८ सेकंद, म्हणजे पाच मिनिटांनाही कमी. पण आकारणी होते १, २, ३, १ आणि २, म्हणजे नऊ मिनिटांची. कार्ल्सनच्या पद्धतीत वर-खाली होऊन सरासरी जुळत होती, इथे चूक नेहमी एकाच बाजूला पडते.

ही चूक सरासरीने किती, याचेही गणित मांडता येते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून टेलिफोनच्या वर्दळीचा गणिती अभ्यास सुरू केला. बोलण्याच्या कालावधीचे वितरण पुष्कळदा घातांकी धरतात, म्हणजे छोटे कॉल फार आणि लांबलचक थोडे. तसे धरले आणि सरासरी बोलणे दोन मिनिटांचे असेल, तर एक मिनिटाच्या एककात आकारणी सरासरी २.५४ मिनिटांची होते, म्हणजे २७ टक्के जास्त. सरासरी एक मिनिट असेल तर १.५८ मिनिटांची, ५८ टक्के जास्त. सरासरी अर्धाच मिनिट असेल तर दुपटीहून अधिक. ढोबळ नियम असा की प्रत्येक कॉलमागे साधारण अर्धे एकक जादा पडते. म्हणून याचा भार पडतो तो थोडक्यात बोलणाऱ्यावर, आणि थोडक्यात बोलतो तो बहुधा ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत तो. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा अशी आकारणी आणली आणि इतरांना तिच्यामागे जावे लागले. २०१२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीने सेकंदावर आकारणीची किमान एक योजना ठेवलीच पाहिजे असा आदेश काढला.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग आजही करता येईल. फोनमधील गेल्या पन्नास कॉलचे कालावधी उतरवून घ्यावेत, एकदा सेकंदांत बेरीज करावी, एकदा प्रत्येक कॉल पूर्ण मिनिटावर नेऊन करावी, आणि फरकाला पन्नासने भागावे. उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास येते का ते पाहावे. फार वेगळे आले तर अधिकच चांगले, कारण का आले याची चर्चा करता येईल.

मर्यादा कुणाच्या सोयीची?

मोबाइलबरोबर दोन प्रकारचे ग्राहक जन्माला आले. पोस्टपेड ग्राहकाला महिन्याअखेर तपशीलवार बिल येते, पण खर्चाला आपोआप आळा बसत नाही. प्रीपेड ग्राहकाला आळा बसतो, कारण शिल्लक संपली की फोन बंद, पण त्याला बिल येत नाही. एकाकडे नोंद आहे, मर्यादा नाही. दुसऱ्याकडे मर्यादा आहे, नोंद नाही. भारतात दहातील नऊहून अधिक जोडण्या प्रीपेड आहेत. आईची वही ही या दुसऱ्या गटाची अडचण होती.

पहिल्या गटाची अडचण अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या खटल्यात स्वच्छ दिसते. त्याची योजना महिन्याला २४९ रुपये भाड्याची होती आणि सरासरी बिल ५५५ रुपये येत असे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे! तो २०१४ साली ग्राहक मंचाकडे गेला. तिथे पहिला प्रश्न बिल बरोबर की चूक हा नव्हता, तर मंचाला हे प्रकरण ऐकता येते का, हा होता. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७-ब नुसार असे वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जात, आणि याच कलमाच्या आधारे ग्राहक मंचाचे दार बंद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटले होते. टेलिफोन खाते सरकारचे आणि लवाद नेमणारेही सरकार, अशा काळातील ती तरतूद! अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दार उघडे असल्याचा निर्णय दिला. तो अधिकारक्षेत्रापुरता होता. आठ वर्षे झाली तरी मूळ बिलावर त्या न्यायालयात चर्चा झालीच नव्हती.

आता कुणी विचारील, पोस्टपेडला 'क्रेडिट लिमिट' असते, ती कुठे गेली? ट्रायने तर २००५ सालीच सांगितले होते की ग्राहकाला ही मर्यादा कळवावी आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत पोहोचताच इशारा द्यावा. माझ्या मते घोटाळा नावातच आहे. ही मर्यादा ग्राहकाने किती खर्च करावा याची नाही, कंपनीने किती उधारी द्यावी याची आहे. ती कंपनीच्या बुडीत रकमेपासून कंपनीचे रक्षण करते. पैसे बँकेतून वा कार्डावरून आपोआप वळते होणार असतील तर कंपनीला तिची निकड उरत नाही, आणि नेमक्या त्याच ग्राहकाला तिची सर्वांत जास्त गरज असते.

तांत्रिक अडचण होती हेही सांगितले पाहिजे. प्रीपेडमध्ये केंद्रातील संगणक बोलण्याआधी शिल्लक तपासतो, थोडी रक्कम बाजूला काढतो, ती संपत आली की पुढची काढतो. मोजणे आणि बोलणे बरोबरीने चालते. पोस्टपेडमध्ये मात्र कॉल संपल्यावर त्याची नोंद तयार होते आणि ती गठ्ठ्याने बिलाच्या संगणकाकडे जाते. ग्राहक परदेशी असेल तर ती नोंद आधी तिथल्या कंपनीकडे बनते आणि मग इकडे येते. पूर्वी याला दिवसच्या दिवस लागत. फसवणूक रोखण्यासाठी मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २००८ पासून चार तासांची मुदत घातली. तेव्हा यंत्रे वेगाने मोजू शकत होती, प्रश्न ते कुणाला दाखवायचे एवढाच होता. युरोपीय संघाने १ जुलै २०१० पासून परदेशातील डेटावर महिन्याला ५० युरोची मर्यादा, ग्राहकाने वेगळे सांगितले नाही तर, आपोआप लागू केली. ८० टक्क्यांवर इशारा आणि मर्यादा गाठली की सेवा बंद. इथे मात्र मर्यादा ग्राहकाच्या बाजूची होती.

छुप्या आकारणीचे अमेरिकेतील प्रकार थोडक्यात सांगतो, कारण हा फक्त गरीब देशांतला प्रश्न आहे असा समज नको. व्हेरायझन कंपनीच्या सुमारे दीड कोटी ग्राहकांकडून, बहुधा नको ते बटण दाबले गेल्याने, १ डॉलर ९९ सेंट असे डेटाचे शुल्क चुकीने घेतले गेले होते. २०१० साली तिने किमान ५ कोटी २८ लाख डॉलर परत करण्याचे आणि सरकारजमा अडीच कोटी भरण्याचे मान्य केले. २०१४ साली टी-मोबाइलने किमान नऊ कोटी व एटी अँड टीने साडेदहा कोटी डॉलर मोजून प्रकरणे मिटवली. तिथे राशिभविष्य व प्रेमाचे सल्ले अशा न मागितलेल्या संदेशांचे महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट बिलात मिसळलेले होते. टी-मोबाइलच्या प्रकरणात त्यातला ३५ ते ४० टक्के वाटा कंपनीकडे राहत होता, असे तिथल्या व्यापार आयोगाचे म्हणणे होते. म्हणजे अमेरिकेतील ग्राहकाकडे छापील बिल होते, पण ओळ कुठल्या तरी पानावर होती.

आपल्याकडे ट्रायने २०११ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची खातरजमा आणि २०१३ मध्ये दुहेरी संमती सक्तीची केली. बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान क्रमांक आला. २०१२ च्या नियमांनी प्रत्येक कॉलनंतर कापलेली रक्कम व शिल्लक फोनच्या पडद्यावर दाखवणे आवश्यक केले. आई जे वहीत लिहीत होती, ते तिच्या हातात येऊ लागले. आणखी एक तरतूद तिला मी वाचून दाखवली : प्रीपेड ग्राहकाला मागील सहा महिन्यांचा तपशील मागता येतो, आणि त्यासाठी ५० रुपयांहून अधिक आकारता येत नाही. "म्हणजे माझा हिशेब मला बघायला माझेच पन्नास रुपये," असे म्हणून तिने चष्मा काढून ठेवला. यावर मला काही बोलता आले नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि काही वर्षांतच मिनिटे-सेकंद मोजणे जवळजवळ संपले. ठरावीक रक्कम भरा, कितीही बोला. न्यू हेवनच्या दीड डॉलरापाशी आपण परत आलो. आता मोजायचे ते दिवस उरले, आणि योजनांची मुदत तीस नव्हे, अठ्ठावीस दिवसांची निघाली. ३६५ ला २८ ने भागले तर उत्तर १३.०४ येते. 'महिन्याचे' म्हणून भरलेले पैसे वर्षातून तेरा वेळा भरावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीने किमान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी असा आदेश दिला. त्या योजना असतात, पण दुकानदाराला नाव घेऊन विचारावे लागते.

आईची वही केव्हाच भरून गेली. आता ती स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, दुधाच्या खुणांच्या शेजारी, रिचार्जच्या तारखेला निळ्या पेनाने गोल करते. गेल्या डिसेंबरात पाने उलटून तिने ते गोल मला मोजायला लावले.